पट्टीवाली आणि बायकांचं दार

मी कुठे नोकरी केली असं कुणी विचारलं की माझ्याआधी आमची सूनबाईच उत्तर देते, "आई सिनेमात होत्या." पाहुणे सरसावून बसतात. मग मला सांगावं लागतं की बाबांनो, सिनेमात नव्हते, सिनेमाच्या दारात होते. कल्याणच्या एका टॉकीजला मागच्या गल्लीत उघडणारं बायकांचं वेगळं दार होतं. स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या वर्षापासून पुढची अकरा वर्षं मी त्या दारावर उभी होते. पाहुण्यांचा चेहरा उतरतो आणि ते चहाकडे वळतात.

दारावर उभी राहणारी बाई म्हटलं की कुणीतरी दांडगी, कंबरेवर हात ठेवलेली बाई डोळ्यांपुढे येते. मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेच्या बटणाला भिते, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसाला भिते आणि हळू आवाजात बोलणाऱ्याला त्याहून जास्त भिते. हे शेवटचं भय मला नोकरीतच लागलं. ते कसं लागलं आणि त्यात माझी चूक किती, ते एकदा लिहून टाकायचं आहे.

नवरा विषमज्वराने गेला तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मुलगा तीन वर्षांचा. टॉकीजच्या मालकांना बायकांच्या बाजूला बाईच हवी होती. सासरे म्हणाले, "सिनेमाच्या दारात उभी राहणार? लोक बघतील ना!" सासूबाई म्हणाल्या, "लोक आत सिनेमा बघत असतील." मुलाला त्यांनी सांभाळलं आणि मी कामाला लागले.

काम वरवर पाहता सोपं होतं. तिकीट फाडायचं आणि बॅटरीच्या उजेडात बाक दाखवायचं. बायकांचा भाग सगळ्यात मागे, लाकडी कठड्याच्या आड, आणि कठड्यावर जाड निळा पडदा. दिवे गेले की मी तो सरकवायची आणि मध्यंतरात दिवे यायच्या आत पुन्हा ओढायची, कारण उजेड झाला रे झाला की पुढच्या पुरुषांच्या माना मागे वळत. मूल रडलं तर त्याला घेऊन गल्लीत फेऱ्या मारायच्या. खेळ सुटल्यावर बाकांखाली कर्णफुलं सापडायची, टोपडी सापडायची, एकदा तर कवळी सापडली. तिच्या मालकीणबाई दुसऱ्या दिवशी तोंडाला पदर लावून आल्या, तेव्हा मला काही विचारावंच लागलं नाही.

याखेरीज एक काम होतं ते काचेचं. खेळ चालू असताना एखाद्या बाईला घरून बोलावणं आलं, तर पुरुषाला आत सोडायचं नाही आणि अंधारात नाव घेऊन ओरडायचं नाही, अशी मालकांची शिस्त होती. मग तळहाताएवढी काच दिव्यावर धरून काजळीने काळी करायची, तिच्यावर खिळ्याने नाव कोरायचं आणि लोखंडी जिन्याने वर जाऊन ऑपरेटरच्या हातात द्यायची. तो ती दिव्यापुढे लावायचा आणि चालू सिनेमावर पांढरी अक्षरं उमटायची, 'सौ. अमुक, घरी पाहुणे आले आहेत.' सगळं थिएटर ते वाचायचं. ती बाई लाजत, पदर सावरत उठायची. न उठलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. काच मी लिहायची, कारण माझं अक्षर वळणदार होतं. मला त्याचा थोडा गर्वच होता.

ते दिवस मारामारीच्या सिनेमांचे होते, आणि त्यांतल्या एका नायिकेवर आमच्या दाराचा फार जीव. दिवसा ती शिवणाच्या मशीनवर बसणारी लाजाळू मुलगी. कुणी आवाज चढवला तर दचकून बोटाला सुई टोचून घ्यायची. गावात कुणावर जुलूम झाला की तीच मुलगी डोळ्यांवर दोन भोकांची काळी पट्टी बांधायची आणि कौलांवरून धावत सुटायची. तिचे एकामागून एक चार सिनेमे आले. त्यांची नावं कुणाला पाठ नव्हती. बायका तिकिटाच्या खिडकीवर एवढंच विचारायच्या, "पट्टीवालीचा आहे ना?"

बायकांच्या भागात ज्या शिट्ट्या वाजत त्या पुढच्या पुरुषांना कधी बायकांच्या वाटल्या नाहीत. त्यांना वाटायचं, मागे कुणी टवाळ शिरलाय. सगळ्यात मोठी शिट्टी राधीमावशीची. ती खाडीकाठच्या आगरी गावातली, सकाळी बाजारात मासळी विकायची आणि दुपारी रिकामी टोपली बाकाखाली सरकवून तीनच्या खेळाला बसायची. वासाबद्दल कुणी कुरकुर केली की म्हणायची, "मंग तुमी फुलां घेऊन बसा गो." दुसऱ्या वकीलीणबाई. या ठाण्याहून यायच्या. ठाण्यात थिएटरं नव्हती असं नाही, पण वकिलांच्या घरची बाई मारामारी बघते हे तिथे कळलं असतं. घरी दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून यायच्या आणि अंधारातही लोकरीचं विणकाम चालू ठेवायच्या. पट्टीवाली कौलावरून उडी मारायच्या वेळीच तेवढे सुयांचे टकटक आवाज थांबायचे. शेवटी कुणीतरी तिची पट्टी सोडवून तिच्याशी लग्न करायचा. ते बघायला मात्र दोघी थांबत नसत.

मला स्वतःला तिची एक लकब आवडायची. उडी मारण्याआधी ती दोन्ही तळवे कमरेवर घासायची. घाम पुसायची. म्हणजे भ्यायची की! बाकीच्या बायका म्हणायच्या, ती कुणाला भीत नाही. मला मात्र ठाऊक होतं.

मालती या बायकांत आली ती पट्टीवालीच्या दुसऱ्या भागाच्या वेळी. (नाव बदललं आहे.) ठाकुर्लीला राहायची. नवरा चांगल्या नोकरीत. पंचविशीची, सडपातळ, कायम पूर्ण बाह्यांचं पोलकं. दर मंगळवारी आणि गुरुवारी नवरा कामावर असताना ती यायची, कडेच्या बाकावर बसायची आणि खेळ सुटायच्या आधी निघून जायची. एकाच सिनेमाला ती पाचव्यांदा आली तेव्हा तिकीट फाडताना तिची बाही वर सरकली. बांगड्यांच्या वर मनगटाभोवती निळे डाग होते, बोटांच्या रुंदीचे. मी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्या दिवशी मध्यंतरात तिनेच विचारलं, "बाई, सावकाराचा माणूस पट्टीवालीचं मनगट धरतो ना, तेव्हा ती हात ओढून काढते की फिरवते? नीट दिसत नाही हो. फार पटकन होतं."

"मलाही नाही कळलं," मी म्हटलं.

मागून राधीमावशी म्हणाली, "अगो, तिला कं विचारतस? इकरं ये." तिने मालतीचं मनगट धरलं. "बघ, बोटां चार हायत. आंगठा एकलाच. एकल्याचे बाजून फिरव नि मंग खेच." बाजारात हात धरणाऱ्या गिऱ्हाइकांशी तिचा जन्म गेला होता.

मालतीने हात फिरवला. सुटला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती हसली नाही. तिने फक्त आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुन्हा धरा."

मग दर मध्यंतरात निळ्या पडद्याआड हा उद्योग सुरू झाला. राधीमावशीची पकड फार दांडगी, म्हणून पकडणारी मी. मालती सोडवून घ्यायची. तिला दुखेल म्हणून मी हलकंच धरायची, तर ती म्हणायची, "असं नाही हो ताई. खरं धरा. तो असं नाही धरत." एवढंच ती बोलली. आम्हीही पुढे विचारलं नाही. तेव्हा असं काही विचारत नसत, आणि मला तर उत्तराचीच भीती वाटत होती.

थंडीचे दिवस होते. चौथा भाग लागला होता. खेळ सुरू होऊन पाऊण तास झाला असेल, आणि दारापुढे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. काळा कोट, पॉलिश केलेले बूट, हातात घट्ट गुंडाळलेलं वर्तमानपत्र. आवाज इतका हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"नमस्कार बाई. आमची मंडळी आत आहेत. जरा बोलावता का?"

"नाव सांगा."

"मालती साटम, ठाकुर्ली. घरून बोलावणं आहे असं लिहा. मी आलोय हे लिहू नका. उगाच घाबरतील."

शेवटचे दोन शब्द मला पुरेसे होते. आता सरळ सांगते. मला कळलं होतं. ते निळे डाग कुणाचे आणि हा माणूस कोण, हे मला त्या क्षणी पुरतं कळलं होतं. तरी मी काच घेतली, दिव्यावर धरली आणि खिळ्याने नाव कोरलं. बोलावणं आलं की काच लिहायची ही रीत होती, आणि रीत मोडली तर हा माणूस मालकांकडे जाईल ही भीती होती. अक्षर नेहमीसारखंच आलं. साटममधल्या 'ट'ची गोलाई नीट जमली नाही म्हणून मी तो पुन्हा गिरवला. इतकी मी शहाणी!

जिना उतरून आत आले तर पट्टीवाली कौलांच्या टोकावर उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर मालतीचं नाव होतं.

मालती अर्धी उठली होती. सवयीने उठली असणार, सगळ्या उठतात तशी. मग ती मटकन खाली बसली. मी बॅटरी विझवून तिच्या शेजारी वाकले. तिने विचारलं, "कोण आलंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अक्षर तुमचंय ना, ताई?"

तिचे दात वाजत होते, ते मला ऐकू येत होते. "आज सकाळीच म्हणाला होता, पुन्हा घराबाहेर पाय टाकलास तर पाय ठेवणार नाही. तो नुसतं बोलत नाही हो. मी घरी गेले तर आज मरते."

मी बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा कामावर खोटं बोलले. "काच लावली, पण कुणी उठलं नाही. त्या आत नसतील."

ते गृहस्थ हसले. "असतील. मी थांबतो. दार एकच आहे ना?"

बायकांच्या भागाला दार एकच होतं. खेळ सुटायला सव्वा तास होता. त्या सव्वा तासात मी किती वेळा आत-बाहेर केलं, सांगता येत नाही. ते समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे होते आणि वर्तमानपत्र मांडीवर हळूहळू आपटत होते. मालकांना सांगावं तर मालक म्हणणार, नवरा-बायकोत आपण कोण? पोलीस चौकीतही तेच ऐकायला मिळालं असतं. मध्यंतरात निळा पडदा ओढला, तेव्हा आत चाळीसएक बायका होत्या आणि एकीच्याही हातात दाण्याची पुडी नव्हती. गोष्ट बाकाबाकावरून पसरली होती.

"कं झाला गो एवढा घाबराला?" राधीमावशी म्हणाली. "पट्टीवालीला कोन वलखतो? कोनीच नाय. मंग आपुनबी पट्टी बांधू. पदर घ्या सगल्यांनी तोंडावर."

"त्याला तिची साडी ओळखू येईल," मी म्हटलं.

वकीलीणबाईंनी विणकाम पिशवीत टाकलं, अंगावरची तपकिरी शाल काढली आणि मालतीला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळली. "माझ्याबरोबर ठाण्याला चला," त्या म्हणाल्या. मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाल्या, "दाताच्या डॉक्टरचं आता यांना खरं सांगावं लागेल. सांगीन."

त्या दिवशी पट्टीवालीचं लग्न लागेपर्यंत सगळ्या बसून राहिल्या. कुणी शिट्टी वाजवली नाही. दिवे लागले. मी दाराची कडी काढली. तळव्यांना इतका घाम होता की कडी दोनदा निसटली. ते गृहस्थ दाराच्या अगदी तोंडाशी येऊन उभे राहिले होते.

बायका निघाल्या. कुणी पदर नाकापर्यंत ओढलेला, कुणी शाल, कुणी मुलाचं दुपटं. फक्त डोळे दिसत होते. पहिल्या दहा-बारा जणींकडे त्यांनी वाकून वाकून पाहिलं. नाव घेऊन हाक मारली नाही, कारण पुढच्या दारातून सुटलेले पुरुष वळसा घालून गल्लीत येऊ लागले होते आणि त्यांना आपली अब्रू सांभाळायची होती. तपकिरी शाल दारात आली. ती पुढे गेली. मी श्वास सोडला, आणि तेवढ्यात त्यांनी हात घालून शालीतून बाहेर आलेलं मनगट धरलं.

मी हातभर अंतरावर होते. मी काही केलं नाही.

मनगट अंगठ्याकडे फिरलं आणि सुटलं. एका क्षणात झालं, पडद्यावर व्हायचं तसंच. शाल थांबली नाही, धावली नाही, बाकीच्यांबरोबर चालत राहिली. ते आपल्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. असं कधी झालं नसावं. मग ते पुढे झेपावणार तोच राधीमावशीची टोपली त्यांच्या पायात आली आणि पॉलिश केलेल्या बुटांवर तळाशी उरलेलं मासळीचं पाणी सांडलं. "अगो बाय, चुकला!" ती म्हणाली आणि वाट अडवून सावकाश टोपली उचलत बसली. तोवर बायका गल्लीच्या वळणापलीकडे गेल्या होत्या.

जाताना ते माझ्यापाशी थांबले. रुमालाने बूट पुसले. "अक्षर छान आहे बाई तुमचं," म्हणाले.

त्यानंतर महिनाभर मला नीट झोप नव्हती. मुलाला मी गल्लीत खेळायला सोडेना. मालती ठाण्याला पोचली होती. वकीलसाहेबांनी चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी तिला मागच्या खोलीत राहू दिलं, असं वकीलीणबाईंनी मला कानात सांगितलं. घर तलावाच्या मागे होतं. हे मला कळलं नसतं तर बरं झालं असतं, कारण आता माझ्याकडे लपवायला काहीतरी होतं.

एका मंगळवारी ते काळ्या कोटातले गृहस्थ पुन्हा आले. खेळ सुरू होता, गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

"काच लिहा. मालती साटम."

"त्या आत नाहीत."

"नाहीत ना? मग लिहायला काय हरकत आहे? कुणी उठणार नाही."

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं.

त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट, पण चेहऱ्यावर राग नव्हता. "ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहे. सांगा म्हणजे मी जातो."

भिंतीपलीकडे मारामारी रंगात आली होती. बायका ओरडत होत्या, राधीमावशीची शिट्टी ऐकू येत होती. मला वाटलं, हात फिरवायचा. पण अंगठा कुठल्या बाजूला, तेच आठवेना! महिनोन्‌महिने सराव केला होता, पण माझा सराव धरण्याचा. सोडवून घ्यायला मी कधी शिकलेच नव्हते. मी तशीच उभी राहिले आणि रडायला लागले. रडता रडता म्हणाले, "मला माहीत नाही." त्यांनी आणखी आवळलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा मध्यंतराची घंटा झाली आणि मूल कडेवर घेतलेल्या दोन बायका दार ढकलून बाहेर आल्या. त्या गृहस्थांनी माझा हात सोडला, त्या बायकांना नमस्कार केला आणि गेले. पुढे त्यांची बदली झाल्याचं कळलं. पण पुढची कित्येक वर्षं गल्लीत काळा कोट दिसला की मी दाराआड व्हायची.

त्या मध्यंतरात राधीमावशीने माझं मनगट पाहिलं. आपला हात माझ्या मनगटाभोवती घातला आणि म्हणाली, "आता तू सोरव."

काच मी त्यानंतरही लिहिली, पण आधी आत जाऊन त्या बाईच्या कानाशी विचारायचं, "बाहेर अमके आलेत. तुम्ही आहात की नाही?" ती नाही म्हणाली की मी बाहेर येऊन नाही म्हणायची. मालकांनी कारण विचारलं तर काजळी संपली म्हणायची. दर वेळी भीती वाटायची. ती शेवटपर्यंत गेली नाही.

मालतीने ठाण्यातच शिवणाचे वर्ग काढले. सहा-सात वर्षांनी एकदा ती टॉकीजला आली. पट्टीवालीचा पहिला भाग पुन्हा लागला होता. मी तिकीट फाडलं आणि म्हटलं, "त्या दिवशी मी काच लिहायला नको होती." माफी मागायला मला इतकी वर्षं लागली. ती म्हणाली, "हो. नकोच होती." मग कडेच्या बाकावर जाऊन बसली. मध्यंतरात मला जागा करून देत म्हणाली, "बसा ना. उभ्या का?"

आता मी ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या महिन्यात देवळाची पायरी उतरताना मी अडखळले आणि नातवाने पटकन माझं मनगट धरलं. माझा हात आपोआप अंगठ्याकडे फिरला आणि सुटला. तो घाबरला. "अगं आजी, पडशील ना!"

"मनगट नको धरूस," मी म्हटलं. "हात पुढे कर. मी धरते."